झेंडीवाल्याला ट्रेनिंग पाहिजे, की जॅकेट घातलं म्हणजे झालं?

दर्यापूरकर
आमच्याकडे रस्त्याचं काम सुरू आहे. एक बाजू खोदलेली, दुसरीवरून आळीपाळीने गाड्या सोडतात. परवा वळणावरचा झेंडीवाला पोरगा गाड्यांकडे पाठ करून मोबाईलवर बोलत होता, लाल झेंडी काखेत. माझं स्पष्ट मत आहे, अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग झाल्याशिवाय कोणाच्याच हातात झेंडी देऊ नये. ताशी 80 ने येणारी गाडी थांबायला इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, 120 मीटर धरते. ड्रायव्हरला दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच अडीच सेकंद, म्हणजे 55 मीटर गेले. हे माहीत नसलेला माणूस वळणाला खेटूनच उभा राहणार.

साईटवाला
बोलायला काय जाते भाऊ! झेंडीवर माणूस टिकतो कुठे? कापूस वेचणी लागली की अर्धे गायब. दर सोमवारी नवा माणूस, मग दर सोमवारी ट्रेनिंग? शेवटी काय होईल, फोटो काढतील, सही घेतील, फाईल बंद.

काळीपिवळीवाला
ट्रेनिंग झेंडीवाल्याले कायले, ड्रायवरायले द्या ना राजेहो. रात्री रेतीचे टिप्परवाले झेंडी पाह्यतच नाई. पोरगा बिचारा नालीत उडी मारते.

दर्यापूरकर
@काळीपिवळीवाला, उडी मारायला जागा ठेवायची, हेच तर शिकवायचं आहे! पाठीमागे खडीचा ढीग किंवा उभा रोलर असेल तर पळणार कुठे? उभं राहायचं साईडपट्टीवर, लेनमध्ये नाही. आणि दोन टोकं एकमेकांना दिसत नसतील तर वॉकीटॉकी पाहिजे, शेवटच्या गाडीचा नंबर पलीकडे कळवायला. आपल्याकडे 'सोडू काय बे?' म्हणून ओरडतात, अन् दोन्हीकडून गाड्या घुसतात. नवा कायदाही नको. कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी त्याच रोड्स काँग्रेसची एसपी 55 ही मार्गदर्शिका आहेच, 2014 ची आवृत्ती. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात तर झेंडीवाल्याचं कार्ड दर 3 वर्षांनी नवं काढावं लागतं.

साईटवाला
अमेरिका राहू द्या. 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनीजमध्ये नोंद झाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या ना? घाई तुम्हालाच पाहिजे. काम अर्धा दिवस थांबलं की फोन मलाच येतात.

वर्धेची ताई
तुम्ही सगळे झेंडीवाला 'पोरगा'च धरून बोलता. आमच्या गावच्या बाया जातात झेंडीवर. मे महिन्यात 45 डिग्रीत, डोक्यावर दुपट्टा, सावलीला झाड नाही, लघवीला आडोसा नाही. दुपारी तीनला भोवळ येत असताना 120 मीटर कोणाला आठवतील? आधी पाणी, सावली आणि दर दोन तासांनी बदली. ट्रेनिंग त्यानंतर.

आणि बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मागितला की ठेकेदार म्हणतो, तुम्ही तर फक्त झेंडी दाखवता!

दर्यापूरकर
ताई, बदलीचं एकदम मान्य. पण 'त्यानंतर' नको, सोबतच. पहिले दोन दिवस जुन्या माणसाजवळ उभं करा, एवढं तरी सोमवारच्या नव्या माणसाला जमेल.

साईटवाला
जुना माणूस जोडीला द्यायचा म्हणजे एका टोकाला दोन मजुऱ्या. टेंडरमध्ये तशी तरतूद करून आणा, मी उद्यापासून सुरू करतो.

वर्धेची ताई
तरतूद येईपर्यंत बाया रस्त्यावरच उभ्या आहेत, साहेब. ट्रेनिंगच्या दिवशी मजुरी कापणार नाही असं लिहून द्या, चार जणी मी पाठवते.