किमान रक्कम वेळेत भरली तरी व्याज का लागतं? (विद्यार्थ्याचं पहिलं क्रेडिट कार्ड)

नवाखातेदार

कॉलेजात असतानाच पहिलं क्रेडिट कार्ड घेतलं आहे, मर्यादा १५,०००. बिलावर दोन रकमा छापून येतात, एकूण देय आणि किमान देय. मागचं बिल ८,००० चं होतं. किमान देय ४०० वेळेत भरले, लेट फी लागली नाही. तरी या बिलात व्याज आहे, आणि बिलानंतर केलेल्या नव्या खरेदीवरही व्याज लावलंय. ही बँकेची चूक आहे की नियमच असा असतो?

दुसरं, थोडी बाकी मागे ठेवली तर क्रेडिट स्कोअर वाढतो असं हॉस्टेलमध्ये सगळेच म्हणतात. त्यात तथ्य आहे का? आणि मर्यादेच्या आतच खर्च केला तर स्कोअरला धक्का लागायचं कारण काय?

ताळेबंद

चूक नाही, नियमच तसा आहे. पण तो कार्ड देताना कुणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोन तारखा वेगळ्या करा: बिल तयार होण्याची आणि पैसे भरण्याची शेवटची. समजा बिल ५ तारखेला निघतं आणि भरायची मुदत २५ आहे. ६ तारखेची खरेदी थेट पुढच्या महिन्याच्या बिलात जाते, म्हणजे तिला जवळपास ५० दिवस बिनव्याजी मिळतात. ४ तारखेची खरेदी मात्र दुसऱ्याच दिवशी बिलात येते, तिला २१ दिवस. 'पन्नास दिवस बिनव्याजी' ही जाहिरात फक्त पहिल्या प्रकाराला लागू होते.

आता मुख्य मुद्दा. ही बिनव्याजी मुदत मागचं बिल पूर्ण भरलं असेल तरच मिळते. ८,००० पैकी ४०० भरले, ७,६०० राहिले, की ती सवलत बंद. मग उरलेल्या रकमेवर तर व्याज लागतंच (बहुतेक ठिकाणी बिलाच्या तारखेपासून नव्हे, मूळ खरेदीच्या दिवसापासून), शिवाय प्रत्येक नव्या खरेदीवर त्याच दिवसापासून मीटर सुरू होतो. तुमच्या बिलात नेमकं हेच झालंय.

किमान रक्कम भरल्याने लेट फी टळते आणि खातं थकीत म्हणून नोंदलं जात नाही. तिचा उपयोग एवढाच. गणित करून पाहा. बाकी २०,०००, व्याज महिना ३ टक्के, किमान देय बाकीच्या ५ टक्के, नवी खरेदी शून्य. पहिल्या महिन्यात १,००० भरले, त्यातले ६०० व्याजात गेले, मुद्दल ४०० ने कमी झालं. असं १२ महिने चालवलं तर एकूण सुमारे १०,७६५ भरले जातात आणि तरी जवळपास १५,७०० बाकी उरतेच. तीन वर्षांनंतरही मूळ रकमेचा निम्मा भाग अंगावर असतो, कारण बाकी घटते तशी किमान रक्कमही घटत जाते. त्याऐवजी दरमहा ठरवून २,००० भरले, तर साधारण वर्षभरात कर्ज संपतं आणि व्याज ४,१०० च्या आसपास जातं. कर आणि इतर आकार यात धरलेले नाहीत.

महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज धरून वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. व्याजदर विचारताना नेहमी वार्षिक विचारा.

टक्केवारी

स्कोअरबद्दल मी लिहिते.

बाकी ठेवल्याने स्कोअर वाढतो हे साफ खोटं आहे, आणि या गैरसमजापायी विद्यार्थी फुकटचं व्याज भरत राहतात याचं फार वाईट वाटतं. क्रेडिट ब्युरोला (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवून त्यावरून स्कोअर काढणारी संस्था) तुम्ही वेळेवर भरता का ते हवं असतं. बँकेला व्याज दिलंत की नाही याच्याशी स्कोअरचा संबंध नाही. कार्ड वापरा, बिल निघू द्या, पूर्ण भरा. एवढ्यानं इतिहास तयार होतो.

मर्यादेच्या आत खर्च करूनही धक्का का लागतो? कारण बँक ब्युरोला सहसा बिलाच्या तारखेची बाकी कळवते. १५,००० पैकी ९,००० चं बिल निघालं तर वापर ६० टक्के दिसतो, मग तुम्ही पाच दिवसांनी सगळं भरलंत तरीही. ३० टक्क्यांच्या आत राहावं असं साधारण सांगतात, तुमच्या मर्यादेत ते ४,५०० होतात. विद्यार्थ्यांच्या मर्यादा छोट्या असल्यामुळे एका पुस्तक-फीच्या खर्चातही हा आकडा ओलांडला जातो. यावर उपाय म्हणजे बिल निघायच्या तीन-चार दिवस आधी ६,००० भरून टाकायचे. बिल ३,००० चं निघतं, वापर २० टक्के दिसतो. घर किंवा गाडीचं कर्ज लगेच काढायचं नसेल तर यासाठी फार धडपड करू नका. बहुतेक स्कोअर-पद्धतींत पुढच्या महिन्यात वापर कमी झाला की आकडा सावरतो. उशिरा भरल्याची नोंद मात्र वर्षानुवर्षं राहते. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर वेळेवर भरण्याकडेच लक्ष द्या.

वजन किती असतं ते कळावं म्हणून सांगते: फिको या अमेरिकेत चालणाऱ्या स्कोअरमध्ये (पट्टी ३०० ते ८५०) भरण्याच्या इतिहासाला ३५ टक्के आणि थकबाकी-वापराला ३० टक्के महत्त्व आहे. खात्यांच्या वयाला १५ आणि नव्या अर्जांना १०. म्हणून ऑफर दिसली की अर्ज, असं करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्याने तो कमी होत नाही, तो बिनधास्त पाहा.

शिलकी

वरचं दोन्ही बरोबर. व्यवहारात लोक जिथे अडकतात ते जोडतो.

ऑटो-डेबिट लावताना 'किमान देय' हा पर्याय बरेचदा आधीच निवडलेला असतो. तो बदलून 'एकूण देय' करा. सूचना दिल्यानंतर पहिलं बिल त्यातून जाईलच असं नसतं, म्हणून ते हातानं भरा. खात्यात पैसे नसताना ऑटो-डेबिट परत गेलं, तर लेट फी वेगळी आणि खात्याच्या बँकेचा दंड वेगळा. दुसऱ्या ॲपवरून भरत असाल तर पैसे जमा व्हायला एक ते तीन कामाचे दिवस लागू शकतात. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

वस्तू परत केली आणि रिफंड येणार आहे म्हणून बिल कमी भरणं ही नेहमीची गफलत आहे. बिल निघाल्यानंतर आलेला रिफंड अनेक बँका त्या बिलाचा भरणा म्हणून धरत नाहीत. बिल आहे तेवढं भरा. रिफंड पुढच्या बिलात वजा होतो.

क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख काढू नका. वेगळं शुल्क लागतं, बिनव्याजी मुदत नसते, त्याच दिवशी व्याज सुरू. आणि मित्राच्या खरेदीसाठी कार्ड दिलंत, तर त्यानं पैसे दिले नाहीत तरी थकबाकी तुमच्याच नावावर पडते.

नवाखातेदार

आता नीट कळलं. मग ७,६०० चं काय करू? पुढचं बिल पूर्ण भरलं की प्रश्न मिटेल का? महिन्याला जास्तीत जास्त २,५०० निघतील.

ताळेबंद

२,५०० निघत असतील तर आधी नवी खरेदी थांबवा. कार्डाला जोडलेली सबस्क्रिप्शनं डेबिट कार्डावर हलवा, नाहीतर तीही पहिल्या दिवसापासून व्याजात सापडतील. पैसे हातात आले की लगेच भरा, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. व्याज रोजच्या बाकीवर मोजतात, त्यामुळे दहा दिवस आधी भरलं तर तेवढं वाचतं. महिना ३ टक्के दरानं तीन हप्ते आणि चौथ्यात थोडी रक्कम, एवढ्यात संपेल.

बँकेला फोन करून बाकीचे हप्ते कमी दरानं पाडून मिळतात का ते विचारा. दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार, तिन्ही विचारून मग चार महिन्यांच्या व्याजाशी तुलना करा. इतक्या छोट्या मुदतीत शुल्कच व्याजापेक्षा जास्त निघू शकतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पूर्ण भरल्यानंतरच्या बिलातही थोडं व्याज दिसेल. बिल निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं, आधीच्या बिलात ते येऊच शकत नाही. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. तेवढीशी रक्कम राहिली तर सवलत पुन्हा सुरू होत नाही आणि लेट फीही लागू शकते.

टक्केवारी

आणि दुसऱ्या कार्डावरून रोख काढून हे फेडायचा विचार नको. 'सेटलमेंट' करून कमी रकमेत मिटवू असं कुणी सुचवलं तरी नाही म्हणा. अहवालात 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि पुढे शैक्षणिक कर्ज देणारा ती पाहतो. ७,६०० साठी तो डाग लावून घेऊ नका.