२५१५ च्या रस्त्याची माहिती कुठून काढायची? मदत हवी आहे

मंडळी जरा मदत करा. आमच्या गावात २५१५ मधनं (तेच ते सरकारी लेखाशीर्ष, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांचं) देवळासमोरच्या गल्लीत काँक्रीट झालं, "यांच्या विशेष प्रयत्नातून" म्हणून फोटोसकट बोर्ड पण लागला आणि एका पावसाळ्यात वरचं सिमेंट जाऊन नुसती खडी उघडी पडली. गल्ली आधी बरी होती हो, खरी बोंब तालुक्याच्या रस्त्याची आहे, पण तिथं नारळ फोडायला मंडप कुठं टाकणार!

आता माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकतोय. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि दोष दायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत) एवढं मागितलं तर पुरे का? बोर्डावर रक्कम नाही, ठेकेदाराचं नाव नाही, नुसता फोटो. अर्ज द्यायचा कुठं, ग्रामपंचायत, झेडपी बांधकाम की पीडब्ल्यूडी? ग्रामसेवक म्हणतात आमच्याकडं कागदच नाय. चुकीच्या ऑफिसात दिला तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत पुढं पाठवायला लागतो हे माहितीये, पण खरंच पाठवतात का? कुणाकडं नमुना अर्ज असेल तर टाका प्लीज.