बेर्टी फोग्ट्स यांना प्रशिक्षक म्हणून पुरेसा मान का मिळाला नाही?

प्रश्न : १९७४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सचे क्रायफ यांना जखडून ठेवणारे पश्चिम जर्मनीचे बचावपटू म्हणून फोग्ट्स आजही आठवले जातात, मग जर्मनीचे प्रशिक्षक म्हणून ते त्यांच्या आधीचे प्रशिक्षक बेकनबाउअर यांच्या पंगतीत का बसवले जात नाहीत?

प्रतिसाद १ : आधी ‘जखडण्या’विषयी. पहिल्याच मिनिटाला क्रायफ त्यांना हुलकावणी देऊन आत घुसले, हेनेस यांनी त्यांना पाडले आणि एकाही जर्मन खेळाडूचा चेंडूला पाय लागण्यापूर्वी पेनल्टीवर गोल झाला. सुरुवातीलाच पिवळे कार्ड मिळूनही फोग्ट्स यांनी पाठ सोडली नाही, म्हणून तर ते ‘टेरियर’, म्हणजे पिच्छा न सोडणारा शिकारी कुत्रा!

प्रतिसाद २ : १९९० मध्ये त्यांच्या हाती जगज्जेता संघ आला, हीच अडचण ठरली, कारण हा संघ यापुढे अनेक वर्षे अजिंक्य राहील, असे बेकनबाउअर जाता जाता बोलून बसले होते. त्यामुळे १९९२ च्या युरो स्पर्धेतले उपविजेतेपदही अपयश मानले गेले आणि १९९४ मध्ये बल्गेरियाने हरवल्यावर तर टीकेला ऊत आला.

प्रतिसाद ३ : १९९६ ची युरो स्पर्धा विसरू नका. वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यात चेक संघ आघाडीवर असताना त्यांनी बीअरहोफ यांना बदली खेळाडू म्हणून उतरवले. बरोबरीचा गोल बीअरहोफ यांचा आणि जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा सुवर्ण गोलही त्यांचाच.