सुरसागरभोवती एक सकाळ: पुण्याच्या पाहुण्यांना काय काय दाखवू?

कारेलीबागवाली

नमस्कार मंडळी, डिसेंबरात पुण्याहून मावशी, काका आणि त्यांची दोन नातवंडं येतायत, एक आठवीत आणि एक कॉलेजला. लक्ष्मी विलास पॅलेस आणि कमाटीबाग तर दाखवणारच, पण मला त्यांना बडोद्याच्या सुरसागर तलावाच्या आसपास एक पूर्ण सकाळ फिरवायचीये. दरवेळी होतं काय, की पाहुणे येतात, तलावातल्या शंकराच्या मूर्तीसमोर फोटो काढतात, सेव उसळ खातात आणि घरी, आणि मला वाईट वाटतं कारण ज्या फुटपाथवर ते उभे असतात तिथून नजर फिरवली तरी गायकवाडांचं अर्धं बडोदं दिसतं. मावशीचे गुडघे दुखतात म्हणून फार जिने नकोत. कुठून सुरू करू, आणि कुठे थांबून काय सांगू? नुसती नावं नका देऊ प्लीज, गोष्ट सांगता येईल असं सांगा.

दांडियाबाजार_जुना

ताई, सुरुवात तलावापासूनच करा, मूर्तीपासून नको. मूर्ती 111 फुटांची आहे, ती लांबूनही दिसते, तिच्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. तलाव मात्र तिच्यापेक्षा खूप जुना. आधी याला चंदन तलाव म्हणायचे, मग 18व्या शतकात सुरेश्वर देसाईंनी दगडी बांधकाम करून काठ पक्के केले आणि त्यांच्यावरून सुरसागर झालं. आठवीतल्या मुलाला हे नक्की सांगा की पावसाळ्यात पाणी जास्त झालं तर ते जमिनीखालच्या दारांतून विश्वामित्रीकडे काढून द्यायची सोय या तलावाला आहे. मुलांना असल्या गोष्टी आवडतात, राजांची नावं ऐकून कंटाळतात.

मग काठावरच म्युझिक कॉलेज, मूळची गायनशाळा. 1886 साली सयाजीराव महाराजांनी गायनशाळा काढली आणि ती गायक मौलाबक्षांच्या हाती दिली. त्या काळी गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, त्यांची मर्जी सांभाळायची, आणि इथे एक संस्थान म्हणतंय की शाळेसारखं वर्ग भरवून गाणं शिकवा. मौलाबक्षांनी त्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली. सुफी संगीत पश्चिमेकडे घेऊन गेलेले इनायत खाँ हे त्यांचेच नातू, जन्म बडोद्याचाच, 1882चा. पुढे फैयाज खाँ साहेब दरबार गायक होते, आणि 1916 मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीसुद्धा इथेच बडोद्यात. एवढं सगळं एका तलावाच्या काठी सांगता येतं आणि आपण तिथून बाईक काढून निघून जातो.

न्यायमंदिरसमोर

वरच्या काकांचं अगदी बरोबर, मी त्यात न्यायमंदिर जोडतो कारण ते तलावाच्या समोरच आहे आणि मावशींना चालायलाही लागणार नाही. 1896 ची इमारत, आर्किटेक्ट रॉबर्ट चिझम, तेच ज्यांनी आधीचे आर्किटेक्ट मेजर मँट वारल्यावर लक्ष्मी विलासचं काम पुरं केलं. बांधली ती भाजी मार्केट म्हणून आणि झालं कोर्ट, हे सांगितलं की पाहुणे हमखास थांबून वर बघायला लागतात. कमानी बायझंटाईन धाटणीच्या आहेत. 2018 मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला नव्या बिल्डिंगमध्ये गेलं, त्यामुळे ती वकिलांची आणि टायपिस्टांची गर्दी आता नाही. मधल्या हॉलला मोझेकचं काम आहे आणि महाराणी चिमणाबाईंचा पुतळा. जायच्या आधी आत सोडतायत का ते विचारून घ्या, आणि नसतील सोडत तर बाहेरून सावकाश बघा, बाहेरूनही पुष्कळ आहे.

तिथून दोन पावलांवर लहेरीपुरा दरवाजा. जुन्या कोटाला चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट, आणि चौघांच्या मधोमध मांडवी ही जुनी इमारत. दरवाज्यात उभं राहून सरळ रस्त्याने बघितलं की मांडवी दिसते. हा जुन्या शहराचा नकाशाच आहे, कागदावर काढायची गरज नाही.

पिलाजीची_लेक

मला इथे एक सांगावंसं वाटतं कारण मी हे लहानपणी कुठेच शिकले नाही आणि आता रोज मनात येतं. रावपुऱ्याचा टॉवर आपण नुसता टॉवर म्हणतो पण तो चिमणाबाई टॉवर, तोही 1896चा. न्यायमंदिरही 1896चं. एकाच वर्षी दोन इमारती, आणि दोन्ही पहिल्या चिमणाबाईंच्या, म्हणजे सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीच्या आठवणीत, ज्या 1885 मध्येच गेल्या होत्या, जेमतेम विशीत, मागे फत्तेसिंहराव हे लहान मूल ठेवून. माहेरचं नाव लक्ष्मीबाई, तंजावरच्या. लक्ष्मी विलास हे नाव त्यांच्यावरूनच. म्हणजे तुमच्या मावशींनी दिवसभरात बडोद्यात जे जे बघायचं ठरवलंय त्यातलं निम्मं एकाच मुलीच्या नावाने उभं आहे आणि शहरात तिची गोष्ट सांगणारा माणूस सापडत नाही.

आणि अजून एक, लग्नात तंजावरहून त्यांच्याबरोबर नर्तकींचा ताफा बडोद्याला आला, गौरा आणि कांतिमती ही त्यातली नावं. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे आपल्या युनिव्हर्सिटीत भरतनाट्यम शिकवायचे. आज म्युझिक कॉलेजातून घुंगरांचा आवाज आला तर तो कुठून सुरू झाला ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ताई, तुमच्या कॉलेजच्या पोरीला हे आवर्जून सांगा.

बरेच लोक दोन चिमणाबाईंमध्ये गोंधळ करतात. दुसऱ्या चिमणाबाई म्हणजे सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी, देवासच्या घाटग्यांच्या, माहेरच्या गजराबाई. पडदा सोडला त्यांनी, आणि 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याही थोर, पण टॉवर पहिल्या चिमणाबाईंचा.

वाडा_बघा_आधी

तांबेकर वाडा कोणीच नाही बोललं अजून?? रावपुरा आणि दांडिया बाजारच्या मध्ये, प्रताप रोडजवळ. 1849 ते 1854 दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव उर्फ भाऊ तांबेकर यांचा वाडा, चार मजली, लाकडी, आणि आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या, कृष्णलीला, महाभारत, देवदेवता आणि मध्येच इंग्रज-मराठे लढाई. बाहेर पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड आहे, राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक. पण बोर्ड वाचून परत फिरू नका, बोर्डावर काही कळत नाही, चित्रं वर आहेत. जिने अरुंद आणि उभे, त्यामुळे मावशींना खाली बसवा आणि पोरांना वर पाठवा, फ्लॅश बंद करून, चित्रांना हात न लावता. हे मी मुद्दाम लिहितोय, दीडशे वर्षांपूर्वीचा रंग आहे तो, एका हाताने काही होत नाही असं प्रत्येकाला वाटतं.

कारेलीबागवाली

अहो किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी, वाचता वाचता अंगावर काटा आला. चिमणाबाईंचं तर मला अजिबातच माहीत नव्हतं आणि मी रोज त्या टॉवरखालून ऑफिसला जाते! आता एक विचारते, कीर्ती मंदिर यात बसवू का की वेगळं ठेवू? काकांना चित्रकलेची खूप आवड आहे.

दांडियाबाजार_जुना

काकांना चित्रांची आवड असेल तर कीर्ती मंदिर सोडूच नका, बाकी काही कमी करा. 1936 ची इमारत, गायकवाड घराण्याची स्मृती म्हणून बांधलेली, आणि आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाई. शांतिनिकेतनचा माणूस बडोद्यात येऊन भिंती रंगवतो, ही त्या काळी महाराजांची नजर. बाहेर पडल्यावर मान वर करून शिखर बघा, वर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. विश्वामित्रीच्या पुलाजवळ आहे, रिक्षाने जा, चालत नको.

आणि तिथून कमाटीबाग जवळच. कमाटीबागेत म्युझियम सगळे बघतात पण संकल्प भूमीला मुलांना न्याच. 23 सप्टेंबर 1917, बाबासाहेब आंबेडकर शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीला आले, राहायला जागा मिळेना, जात कळल्यावर उतरले होते तिथून बाहेर काढलं, आणि ते या बागेत झाडाखाली बसले. राजवाडे आणि कमानी दाखवायच्या तर हेही दाखवायचं. याच संस्थानने त्यांना शिकायला परदेशी पाठवलं होतं आणि याच शहराने त्यांना घर दिलं नाही, दोन्ही खरं आहे आणि आठवीच्या मुलाला दोन्ही कळतं.

न्यायमंदिरसमोर

+1 संकल्प भूमीला. क्रम असा ठेवा: सकाळी लवकर तलाव आणि म्युझिक कॉलेज, ऊन चढायच्या आत न्यायमंदिर आणि लहेरीपुरा, मग रिक्षाने तांबेकर वाडा, टॉवर जाताना वाटेत येतोच, मग कीर्ती मंदिर आणि शेवटी कमाटीबाग, तिथे मावशींना झाडाखाली निवांत बसता येईल. मांडवीपर्यंत चालायचा मोह झाला तरी रविवारी नको, वाटेतल्या मंगळबाजार या बाजारपेठेच्या गर्दीत मावशींचे हाल होतील. स्वतःची गाडी तर रावपुऱ्यात न्यायचीच नाही.

पिलाजीची_लेक

लीला चिवडा घ्यायला विसरू नका, पुण्याला न्यायला. आणि ताई, कधी येतायत ते कळवा, शनिवार असेल तर मी येते टॉवरखाली, चिमणाबाईंची गोष्ट मीच सांगेन मुलांना.