‘गडुगी’ या चेरोकी शब्दाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतील चेरोकी या मूलनिवासी समाजाचा वारसा आणि लोककल्याण यांविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना ‘गडुगी’ (एकत्र येऊन काम करण्याची रीत) हा शब्द वारंवार येतो. त्यासाठी ‘श्रमदान’ योजले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर 1 : ‘श्रमदान’ टाळावे. त्यात देणारा आणि घेणारा वेगळे पडतात, शिवाय कोणीतरी केलेले आवाहन आणि ठरलेली तारीख डोळ्यांसमोर येते. उत्तर कॅरोलायनातील चेरोकी वस्त्यांत गडुगी हे कामाचेच नव्हे, तर काम करणाऱ्या गटाचेही नाव होते. हा गट सभासदांच्या शेतांत आळीपाळीने राबे, आजारी किंवा वृद्ध माणसाचे शेत परतफेडीची अपेक्षा न ठेवता करून देई, आणि कोणी वारल्यास कबर खणण्यासही तोच पुढे होई.

उत्तर 2 : या वर्णनाला आपली ‘इर्जिक’ सर्वांत जवळची आहे : शेजारी आपापली औते आणि बैल घेऊन येतात, मजुरी घेत नाहीत, शेतधनी त्यांना जेवू घालतो. ‘सावड’ मात्र चालणार नाही, कारण तिथे आज माझ्याकडे तर उद्या तुझ्याकडे एवढाच हिशेब असतो; आजारी-वृद्धांसाठी परतफेडीविना केलेले काम त्यात बसत नाही. अडचण आजच्या वापराची आहे. 1980च्या दशकाच्या आरंभी ओक्लाहोमातील बेल या गावी चेरोकी कुटुंबांनी स्वतः चर खणून सुमारे 26 किलोमीटर लांबीची जलवाहिनी टाकली. या कामात पुढाकार घेणाऱ्या विल्मा मॅनकिलर 1985 साली चेरोकी नेशनच्या (चेरोकींच्या तीन शासनांपैकी एकाच्या) पहिल्या महिला प्रमुख झाल्या. हे काम गडुगीचेच उदाहरण म्हणून सांगितले जाते, पण जलवाहिनीला इर्जिक म्हटले तर मराठी वाचक बैल शोधू लागेल.

2019 साली तिन्ही चेरोकी शासनांनी भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली, तेव्हा अस्खलित बोलणारे सुमारे 2,000च उरले होते. भाषा टिकवण्याच्या कामालाही हल्ली हा शब्द लावतात. तो इतका ताणावा का, हा चेरोकी लोकांचा प्रश्न आहे. अनुवादकाने मात्र प्रौढांना मानधन देऊन भाषा शिकवण्याच्या उपक्रमाला, मुळात तसे म्हटलेले नसताना, आपणहून ‘गडुगी’ म्हणू नये.

माझ्या मते मूळ शब्दच ठेवावा, तो ईकारान्त असल्याने स्त्रीलिंगी चालवावा, आणि पहिल्या उल्लेखात ‘इर्जिकीसारखी, पण शेतापुरती न राहिलेली सामुदायिक कामाची रीत’ असा खुलासा द्यावा.