नेच्याचे हिरवे पापुद्रे आलेत, पण पान काही फुटत नाही. मदत हवी आहे

नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके कागदावर झाडून जी पूड मिळाली, ती उकळत्या पाण्यात भिजवून गार केलेल्या कोकोपीटवर पसरली होती. डब्यावर काच आहे, पाणी फक्त खालच्या ताटलीतून देतो. आधी नुसती हिरवट साय आली. आता करंगळीच्या नखाहून लहान, बदामाच्या आकाराचे पापुद्रे दाटीने उगवलेत. पण कित्येक महिने गाडी तिथेच अडकली आहे.

हे नेच्याचंच आहे की दुसरंच काही उगवलंय? पुस्तकातल्या आकृतीत तर नर आणि मादी दोन्ही अवयव एकाच पापुद्र्यावर दाखवतात. मग फलन का होत नाही? दुसऱ्या डब्यात वेगळ्या जातीचा नेचा आहे. निगा तीच, तरी तिथे पानं आलीसुद्धा! जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
भिंगातून बघा. कडा एका पेशीच्या जाडीची, जवळजवळ पारदर्शक, मध्यभाग जाडसर आणि वर एकच खाच असेल तर ते नेच्याचं युग्मकोद्भिद (नर-मादी अवयव धरणारी छोटी अवस्था), म्हणजे प्रोथॅलस. लिव्हरवर्ट, म्हणजे ओलसर जागी वाढणारी शेवाळासारखी चपटी वनस्पती, दुभागत पसरतं आणि त्यातल्या मार्कँशियासारख्यांच्या पाठीवर बारीक छिद्रं दिसतात.

अडचण पाण्याची वाटते. दोन्ही अवयव पापुद्र्याच्या खालच्या अंगाला असतात. रेतुकाशय (नर अवयव) बहुधा मुळांसारख्या केसांच्या आसपास, अंदुककलश (मादी अवयव) खाचेजवळ. रेतुकं, म्हणजे नर पेशी, तिथवर पोहत जातात. अंतर नगण्य, पण पाण्याचा सलग पातळ थर नसेल तर तेवढंही पार होत नाही. नुसता दमटपणा पुरत नाही. त्यांना वाट दाखवायला रसायनंही असतात. मॅलिक आम्लाकडे ती ओढली जातात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफरने १८८४ मध्येच दाखवलं होतं. उकळून कोमट केलेलं पाणी वरून बारीक फवाऱ्याने द्या, पापुद्रे चिंब होईपर्यंत. दोनेक आठवडे अधूनमधून हे करत राहा.

प्रतिसाद:
वरच्याशी सहमत, पण 'दाटीने' हा शब्द मला खटकला. पुस्तकातली आकृती सगळं सांगत नाही. बऱ्याच जातींत आधी वाढलेले पापुद्रे अँथेरिडिओजेन नावाचं संप्रेरक सोडतात आणि शेजारचे धाकटे त्यामुळे नर बनतात. असे नर छोटे आणि वेडेवाकडे राहतात, खाच नसते. शिवाय एकाच पापुद्र्यावर दोन्ही अवयव असले तरी पुष्कळदा ते एकाच वेळी पक्व होत नाहीत. चिमट्याने छोटे पुंजके उचलून मोकळ्या जागी लावा. पापुद्रे उलटे करू नका, केस खालीच हवेत.

धागाकर्ता:
आभारी आहे. भिंगातून खाच आणि खालचे केस दोन्ही दिसले, म्हणजे नेचाच. पण दुसऱ्या डब्याचं काय? तिथेही वरून पाणी दिलेलं नाही.

प्रतिसाद:
तो प्रकार बहुधा अयुग्मनाचा असेल. टेरिस क्रेटिका, सिर्टोमियम फॅल्कॅटम यांसारख्या नेच्यांत पापुद्र्याच्या पेशींतूनच थेट रोप येतं, फलनाची गरजच नाही. टेरिस क्रेटिकात हे वनस्पतिशास्त्रज्ञ फार्लोने १८७४ मध्ये नोंदवलं. सूक्ष्मदर्शक मिळाला तर पानामागच्या ठिपक्यातली न फुटलेली एक बीजाणुधानी (बीजाणूंची पिशवी) फोडून बीजाणू, म्हणजे त्या पुडीतले कण, मोजा. नेहमीच्या नेच्यांत बहुतेकदा ६४ भरतात, अशा जातींत साधारणपणे ३२. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब घेऊन त्यात फोडलीत तर बीजाणू उधळत नाहीत.

आणि पहिल्या डब्यात पान आलं की ओळखायला चुकू नका. पहिलं पान मोठ्या नेच्यासारखं चिरलेलं नसतं, साधं, फार तर टोकाला दुभागलेलं असतं. त्याला स्वतःचं मूळ फुटेपर्यंत खालचा पापुद्रा काढू नका, आणि काचही एकदम उचलू नका.