स्वप्नात भान येताच जाग येते, स्वप्न टिकवायचं कसं?

निशाचर:
‘हे स्वप्न आहे’ असं कळतं आणि काही सेकंदांत सगळं विरतं. काय चुकतं? आणि असं स्वप्न पडावं म्हणून रात्री मध्येच उठायचा अलार्म कधीचा लावावा?

रातराणी:
भान येताच मन उसळतं, त्याने झोप उडते. स्वप्नात लगेच उडायला निघू नका. स्वप्नातले तळहात एकमेकांवर जोरात घासा, भिंत चाचपा. लक्ष त्या स्पर्शात गुंतलं की अंथरुणातल्या शरीराकडे जात नाही. दृश्य फिकं पडायला लागलं तर उभ्या जागी गिरकी घ्या. कशाकडेही टक लावू नका.

पहाटवारा:
अलार्म झोप लागल्यापासून साधारण 5 तासांनी. रेम झोपेचे (डोळे बंद पापण्यांआड भराभर फिरतात आणि ठळक स्वप्नं पडतात ती झोप) टप्पे पहाटेकडे लांबत जातात, म्हणून रात्रीच्या पहिल्या दोन तासांत प्रयत्न करणं फुकट. उठून अर्धा तास मंद उजेडात बसा, आत्ताच पडलेलं स्वप्न वहीत उतरवा. मोबाइल अजिबात नको. मग पडल्यापडल्या ‘पुढच्या स्वप्नात मला ओळखू येईल’ हे घोकत त्याच स्वप्नात स्वतःला भानावर येताना बघा. स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांची पद्धत ती हीच. रोज मात्र करू नका, मोडलेली झोप भरून काढावी लागते.

निशाचर:
स्वप्नात भान येणं हा नुसता भास नाही कशावरून?

रातराणी:
रेम झोपेत हातपाय लुळे असतात, डोळे नाहीत. 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाने स्वप्नात भान आल्याची खूण म्हणून ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे फिरवलेले डोळे यंत्रावर नोंदवले होते.
एक सांगायलाच हवं: भ्रम होण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका.